गुऱ्हाळावरची ॲनिमेशन फिल्म: पात्रं पार्श्वभूमीत हरवतायत, काय करावं?

कोरा_कागद

मंडळी, चार मिनिटांच्या टूडी शॉर्टफिल्मचं कन्सेप्टचं काम (ॲनिमेशनआधी पात्रं आणि जागा ठरवायची चित्रं) चालू आहे. तिघांची टीम. गोष्ट लहान आहे: कोल्हापूरजवळ पन्हाळा रोडला वडणग्याच्या बाजूचं एक गुऱ्हाळ, डिसेंबरमधली एक पहाट, म्हातारा गुळव्या (गूळ शिजवणारा) तात्या, त्याची दहा वर्षांची नात तानी आणि एक रेडकू. काहील (रस उकळायची मोठी कढई) चढते तिथं फिल्म सुरू होते, पाक वाफ्यात (गूळ गार करायच्या उथळ हौदात) ओतला की संपते. संवाद जवळजवळ नाहीत. पाक तयार झाला का हे गोळी करून कसं बघायचं ते तात्या तानीला शिकवतो, गाभा एवढाच.

अडचण अशी की पांढऱ्या कागदावर पात्रं झकास दिसतात आणि गुऱ्हाळाच्या चित्रावर ठेवली की गायब होतात. गूळ तपकिरी, चिपाड (रस काढून उरलेला ऊस) तपकिरी, माती तपकिरी, तात्याचा उघडा खांदाही तपकिरी. रेडकू तर काळोखात सापडतच नाही. बाह्यरेषा जाड करून बघितली, पण मग पात्र वरून चिकटवलेलं वाटतं. पाच चित्रं खाली टाकली आहेत.

विचारायचं असं: आधी पात्रं पक्की करायची का जागा? पात्रं रंगानं उठवायची का दुसऱ्या कशानं? आणि कन्सेप्ट संपलं, आता ॲनिमेशनला हात घालायचा, हे कशावरून ठरवायचं?

चोवीस_फ्रेम

रंगाला अजून हात लावू नका. क्रिता किंवा फोटोशॉप अशा चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वर एक करडा थर टाका आणि त्याचा मोड 'कलर' करा. खालचं चित्र कृष्णधवल दिसेल. मग ते स्क्रीनवर दोन इंच रुंद राहील एवढं लहान करा. तात्या एका नजरेत सापडला नाही, तर दोष रंगाचा नाही, उजेड-काळोखाच्या वाटणीचा आहे.

प्रत्येक शॉटला तीनच छटा धरा: गडद, मधली, उजळ. पार्श्वभूमीला त्यातल्या दोन द्यायच्या, तिसरी पात्रासाठी राखून ठेवायची. पार्श्वभूमी १५ ते ४० टक्के उजेडात आटोपली, तर पात्र १० च्या खाली तरी जाऊ दे नाहीतर ५५ च्या वर तरी. मधे लोंबकळलं की मेलं. तुमच्या पाचही चित्रांत तात्या आणि मागचा चिपाडाचा ढीग दोघं ३० ते ४० च्या मधे आहेत. तिथं जाड रेष काय करणार?

शुक्रवारपेठी

तांबड्या रश्श्यात सुक्कं मटण शोधायला लावलंय लगा तुम्ही.

गूळपोळी

छटांचं बरोबर आहे, पण त्याच्या आधी एक गोष्ट. तिसऱ्या चित्रात तात्या काहिलीवर वाकलाय आणि त्याच्या तोंडावर खालून नारिंगी उजेड आहे. हा उजेड आला कुठून?

काहील म्हणजे सात-आठ फूट व्यासाची, पसरट, उथळ कढई. ती चुलवाणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, बसली की जाळ पूर्ण झाकला जातो. जाळ घालायचं तोंड काहिलीच्या पातळीच्या खाली, दुसऱ्या बाजूला असतं. चिपाड तिथून आत ढकलतात आणि धूर पलीकडच्या धुराड्यातनं जातो. म्हणजे नारिंगी उजेड फक्त खाली बसून जाळ घालणाऱ्यावर पडतो. वर गुळव्या उभा असतो तिथं उजेड पत्र्याखालच्या ट्यूबचा किंवा बल्बचा, आणि मधे वाफ. तुमचं गुऱ्हाळ एकाच सपाट जमिनीवर आहे, म्हणून सगळीकडे एकच नारिंगी पसरलाय आणि सगळं एकाच तपकिरीत गेलंय.

दोन पातळ्या करा. वरची थंड, खालची तापलेली. पार्श्वभूमीचा अर्धा प्रश्न तिथंच सुटेल.

तिसरी_गल्ली

@गूळपोळी, माहितीपट नाही हो करत ते. तोंडावर खालून जाळाचा उजेड हे बघणाऱ्याला लगेच कळतं, ऊब येते. ॲनिमेशनमध्ये उजेड खोटा लावायची मुभा असते, ती का सोडायची?

गूळपोळी

मुभा आहे, पण ती खर्च कुठं करायची ते बघा. चारही मिनिटं तोंडावर नारिंगी लावलात, तर शेवटी पाक तयार होतो तेव्हा द्यायला काही उरत नाही. आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या माणसानं एकदा गुऱ्हाळ बघितलंय, त्याला काहिलीतनं आग येताना दिसली की तो फिल्ममधनं उठलाच म्हणून समजा.

मोकळा_ब्रश

दोघांचं धरून एक वाट सांगतो. वाफेचा वापर पडद्यासारखा करा. वाफेला स्वतःचा रंग नसतो, मागचा-बाजूचा उजेड ती घेते. ट्यूब तात्याच्या मागे, पत्र्याखाली टांगलीय असं ठरवा. वाफ उजळते, तिच्यापुढं तात्या आणि तानी गडद आकारात उभे राहतात. चोवीस_फ्रेमनी म्हटलेली राखीव छटा ही अशी: पार्श्वभूमी उजळ, पात्र गडद. खालच्या पातळीवर उलट: सगळा काळोख आणि जाळाकडची फक्त कड उजळलेली.

वाफ रंगवताना हमखास होणाऱ्या चुका:

पांढराशुभ्र रंग घेतात. ट्यूबचा उजेड असेल तर निळसर करडा घ्या, ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर शेवटच्या पहाटेला उजळायला जागा राहत नाही.

सगळीकडे मऊ ब्रश फिरवतात. मग चित्र धुरकट होतं आणि खोली जाते. काहिलीच्या काठाशी वाफेला थोडी कडा हवी, वर जाता जाता विरत जाऊ दे.

वाफेच्या हालचालीची एकच फेरी (लूप) परत परत लावतात. १६ फ्रेमची एक आणि २२ फ्रेमची दुसरी, अशा दोन फेऱ्या एकावर एक ठेवा. दोन्ही एकत्र पुन्हा सुरुवातीला यायला १७६ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीनं सात सेकंदांहून जास्त. तुमचा शॉट त्याच्या आत संपतो, पुनरावृत्ती कुणाला दिसत नाही. रेखाटनं मात्र दोनावर (एक रेखाटन दोन फ्रेम) धरली तर ८ आणि ११, एकूण १९ च.

गूळपोळी

वाफेवरून आठवलं, हे गोष्टीच्याच कामाचं आहे. वाफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी नसते. एका काहिलीला अडीच-तीन तास लागतात. रस तापला की आधी मळी (रसातली घाण) वर येते, ती काढतात, रानभेंडीचं पाणी घालतात, की उरलेली मळीही गोळा होऊन वर येते. मग खळखळून उकळी आणि वाफेचा लोट. पाणी आटेल तशी वाफ कमी होते. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक तयार होतो, तेव्हा वाफ अगदी थोडी असते आणि बुडबुडे जाड, सावकाश फुटणारे.

म्हणजे गोळी बघायच्या वेळी तात्या आणि तानीमधला पडदा आपोआप उठलेला असतो. तोंडं तेव्हा दाखवा.

रंगही काहिलीतूनच घ्या. कच्चा रस हिरवट करडा, मळी काढली की फिकट पिवळा, उकळीत फेसाळ, शेवटी सोनेरी नारिंगी. चार मिनिटांचा रंगपट (फिल्मभर रंग कसे बदलतात त्याचा तक्ता) यापेक्षा आणखी कुठं शोधायचा?

चोवीस_फ्रेम

+१. यानं काम किती वाचतं ते बघा. पहिली अडीच-तीन मिनिटं पात्रं मुख्यतः आकारात दिसणार असतील, तर हावभावांच्या आठ-दहा चेहऱ्यांची शीट दोन्ही पात्रांना लागत नाही. तानीचे पाच, तात्याचे तीन पुरतात. तो वेळ अंगाच्या ठेवणीवर घाला.

रंगपट मात्र आत्ताच करा. एका पानावर २०-२४ चौकटी, प्रत्येक काडीपेटीएवढी, तपशील शून्य, फक्त तीन-चार रंगांचे ठोकळे. सगळ्या एकाच वेळी समोर दिसल्या पाहिजेत. एकेक चौकट वेगळ्या फाईलमध्ये केली की प्रत्येकच सुंदर होते आणि ओळीत लावल्यावर चढ-उतार राहत नाही.

टाचणी

आता पात्रांकडं. उजेड मागून येणार असेल तर पात्र काळ्या ठोकळ्यात ओळखू आलं पाहिजे. पोस्ट केलेली तानी आणि तात्या काळे भरून बघितले: एक मोठी काठी, एक लहान काठी. दोघांचाही आकार उभा, दोघांचेही हात अंगाला चिकटलेले.

रेष न काढता, थेट काळ्या ब्रशनं, प्रत्येकाचे ३०-४० बारके आकार काढा. डोळे, नाक, बटणं काही नको. त्यातले पाच निवडा आणि तीन पात्रं शेजारी ठेवून निवडा, एकटं एकटं निवडू नका.

तानीला शाळकरी पोरींच्या दुमडून वर बांधलेल्या, रिबिनीच्या दोन वेण्या द्या. बाजूनं, मागनं, कुठूनही आकार ओळखू येतो आणि वेण्यांच्या हालचालीतनं तिचा उत्साह दाखवता येतो. डिसेंबरची पहाट आहे, तेव्हा अंगावर मोठ्या माणसाचा स्वेटर असेल, बाह्या लोंबत्या. कानटोपी घातलीत तर वेण्या जातील, टोपी टाळा.

तात्याचा आकार त्याच्या कामातनं काढा. लांब दांड्यानं पाक हलवणारा माणूस कमरेत वाकतो, एक पाय पुढं, वजन मागच्या टाचेवर. दांडा आणि पाठ मिळून एक मोठी कमान तयार होते. ती कमान म्हणजे तात्या. उभा सरळ तात्या फिल्ममध्ये फक्त शेवटी दिसू दे.

उंचीचा तक्ता: तानी १३० सेंमी, तात्या १६३, काहिलीचा काठ वरच्या जमिनीपासून गुडघ्याएवढा. डोक्यांच्या मापात तानी साडेचार, तात्या सहा. हे एका पानावर, शेजारी दांडा, बादली आणि गुळाचा रवा (ढेप) ठेवून. तीस किलोचा रवा तानीच्या मिठीत मावतो का, हे त्या पानावरच कळलं पाहिजे, ॲनिमेशन करताना नाही.

करवीरी

सगळं ठीक, पण फिल्म बघून कोल्हापूर आहे हे कळणार कसं? तात्याला फेटा द्या, पायात करकरणारं पायताण, तानीच्या आईला साज (गळ्यातला कोल्हापुरी दागिना). बाहेरच्या प्रेक्षकाला खूण लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, जग ओळखतं.

तिसरी_गल्ली

फेटा बांधून पहाटे चारला काहील हलवणारा गुळव्या मिरवणुकीतनं थेट आलाय असं वाटेल. बंडी नाहीतर बनियन, डोक्यावर टोपी किंवा टॉवेल गुंडाळलेला, खांद्यावर पंचा. आणि तानीची आई स्क्रिप्टमध्ये नाहीच आहे, साज घालणार कुणाला, रेडकाला?

शुक्रवारपेठी

रेडकाला साज. काटाकिर्र. पोस्टर झालं बघा.

टाचणी

@करवीरी, पायताण ठेवता येईल, पण पायात नको. काहिलीभोवती जमीन ओली आणि चिकट असते. वरच्या पातळीच्या कडेला काढून ठेवलेली दोन जोड पायताणं, एक मोठा एक लहान, पार्श्वभूमीतच रंगवून टाका. खूण लागते आणि ॲनिमेट करावी लागत नाही.

तपशिलाचा हिशेब सगळ्यांनीच एकदा मांडून बघा. चार मिनिटं म्हणजे ५७६० फ्रेम. दोनावर काढलं तर २८८० रेखाटनं. पात्र साठ टक्के वेळ पडद्यावर असेल तर १७२८. फेट्याच्या घड्या, शेमला, चपलेची वेणी असं करून पंधरा रेषा वाढल्या, तर एका पात्रामागं २५,९२० जादा रेषा. त्या काढणारी माणसं तीन. चौकटीची लुंगी दिली असेल तर आत्ताच साधी करा. चौकड्या हव्याच असतील तर न हलणारं पोत म्हणून भरा, हातानं काढू नका.

पन्हाळगडी

कोल्हापूर कळायला पात्राच्या अंगावर काही लादायची गरज नाही, मागचं क्षितिज बोलतं. पाचव्या चित्रातले डोंगर टोकदार त्रिकोणी आहेत. आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे. माथा सपाट, कडेला पायऱ्या पडल्यासारखे टप्पे. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, म्हणून वरची कड तांबूस, खालचा उतार करडा-काळा. जोतिबाचा डोंगर शेजारी वेगळा उठलेला. ही दोन माथ्यांची रेषा नीट काढलीत तर कुणाला पाटी लावून सांगावं लागणार नाही.

दुसरं, तुम्ही सूर्य पन्हाळ्यामागून उगवलाय. वडणग्याकडून पन्हाळा वायव्येला. तिथून सूर्य उगवत नाही. पहाट दाखवायची तर उलट फायदा घ्या: डिसेंबरात सातच्या सुमारास सूर्य वर येतो, तेव्हा पहिली कोवळी तिरीप डोंगरमाथ्यावर पडते आणि गुऱ्हाळ अजून सावलीत असतं. दूरचं उजळ, जवळचं गडद. पुन्हा तीच राखीव छटा.

ऊस: बाहेरच्या फडात ऊस माणसाच्या दीडपट-दुप्पट उंच ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा येतो, रुपेरी, किंचित जांभळट. पहाटेच्या उजेडात तोच आधी चमकतो. प्रत्येक पान रंगवत बसू नका. खालचा दोन तृतीयांश भाग एकच गडद ठोकळा, वर तुऱ्यांची ओळ, आणि कडेला पंधरा-वीस पानं मोकळी. आणि नदीकाठची माती काळी आहे, तांबडी नाही. तांबडी माती तालमीतल्या हौद्यात.

कोरा_कागद

सूर्याची दिशा बदलतो, डोंगरही. गुऱ्हाळाच्या दोन पातळ्यांचा नकाशा काढायला घेतलाय. पण पात्रं त्यात ठेवली की तरंगल्यासारखी दिसतात, खासकरून जाळ घालणारा. डोळ्यानं लावतोय, जमत नाही.

चोवीस_फ्रेम

डोळ्यानं लावू नका, मोजा. वरून दिसणारा नकाशा आधी: चरक (ऊस पिळायचं यंत्र) एका टोकाला, मधे काहील, तिच्या शेजारी वाफा, पलीकडं खालच्या पातळीवर चुलवाणाचं तोंड, बाहेर वाळत घातलेलं चिपाड. त्यावर प्रत्येक शॉटचा कॅमेरा बाणानं दाखवा आणि ट्यूब कुठं आहे तेही. तात्या आणि तानी यांच्यामधून एक रेषा ओढा, सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला राहू देत. नाहीतर पुढच्या शॉटला दोघांच्या जागा उलट होतील.

मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधे ठोकळे उभे करा. काहील म्हणजे २.४ मीटरची चकती, माणसं म्हणजे खोकी. पोत, उजेड काही नको. कॅमेरा तानीच्या डोळ्याच्या उंचीला, १.२ मीटरवर. त्यावरून पार्श्वभूमी काढा.

तरंगण्याचं कारण क्षितिजरेषा आहे. कॅमेरा १.२ मीटरवर असेल तर वरच्या पातळीवर तात्या जवळ असो की लांब, क्षितिज त्याला छातीवरच कापलं पाहिजे. एकदा छातीवर, एकदा डोक्यावर झालं की तरंगलाच. आणि खालची पातळी चार फूट खोल धरलीत, तर तिथल्या उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर क्षितिज येईल. तुम्ही त्याला वरच्यांच्याच नियमानं लावलंय.

मोकळा_ब्रश

हे सगळं आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, तिथं हाच प्रश्न होता. पडद्यावरचा रस्ता एका जागेवरून बरोबर दिसतो, नट मागं सरकला की घरापेक्षा मोठा होतो. पुढं बाबूराव सिनेमात आले तेव्हा शूटिंगआधी वेशभूषा, हालचाली, पात्रं यांची रेखाटनं करून ठेवायचे. आज ज्याला कन्सेप्ट आर्ट म्हणतात तेच.

पन्हाळगडी

आणि प्रभात फिल्म कंपनीही १९२९ ला इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. पुणेकरांनी नेली म्हणा.

शुक्रवारपेठी

आता धागा पुणे-कोल्हापूरवर जायच्या आत कुणीतरी गूळ खावा.

मोकळा_ब्रश

परत विषयावर. उजेडासाठी चित्रकार आबालाल रहिमान यांची कोल्हापुरातल्या रंकाळ्याची, कोटितीर्थाची निसर्गचित्रं बघा. त्यात तपशील किती कमी आहे आणि तरी वेळ कुठली ते कसं कळतं, एवढंच बघा. लांबची झाडी एकाच छटेत दाबलेली, कडा सोडून दिलेल्या. तुमच्या पार्श्वभूमीत लांबच्या झाडाचं पान आणि जवळच्या बादलीची कडी सारख्याच धारदार आहेत.

रिकामी_चौकट

एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला सांगा ना, दहा मिनिटांत शंभर गुऱ्हाळं काढून देईल.

गूळपोळी

काढून देईल. उघड्या जाळावर टांगलेली हंडी, मागं बर्फाचे डोंगर. काहील-चुलवाण त्याला नीट येत नाही.

टाचणी

आणि पात्राच्या कामाला मुख्य अडचण वेगळी आहे. समोरून, पाऊण (तोंड थोडं वळलेलं), बाजूनं, मागून पाऊण, मागून अशी पाच बाजूंची शीट लागते, आणि त्यात वेण्यांची गाठ, बाहीची लांबी, कानाची उंची पाचही ठिकाणी एका आडव्या रेषेवर यावी लागते. शंभर सुंदर तान्या मिळतील, त्या शंभर वेगवेगळ्या पोरी असतील.

शीट करताना कान, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा अशा आडव्या रेषा आखून घ्या. पाऊण बाजू सगळ्यात आधी काढा, कारण पडद्यावर तीच जास्त दिसते. समोरून छान आणि पाऊणमध्ये नाक कुठं ठेवायचं कळत नाही, असं डिझाईन पुढं फार त्रास देतं.

करवीरी

फेट्याचं सोडलं. पण रेडकू का? काळं, लहान, गोल. सिल्हूटमध्ये ते पोतं दिसणार. आपल्या भागात पंढरपुरी म्हैस असते, तलवारीसारखी लांब शिंगं, मागं खांद्याच्याही पलीकडं जाणारी. दिवाळी पाडव्याला सजवून मिरवतात ती. गोठ्याच्या दारात नुसती शिंगं उजेडापुढं आली तरी काम झालं. आणि ही खूण लादलेली नाही, कामाचीच आहे.

टाचणी

हे मात्र जबरदस्त. काळ्या ठोकळ्यात यापेक्षा ओळखीचा आकार या भागात नाही. शिंगांची जाडी मुळाशी कपाळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ठेवून टोकाकडं बारीक करा. डोकं वळलं की दोन शिंगं एकमेकांपुढं येतात तिथं गोंधळ होतो, म्हणून शीटमध्ये डोक्याची वळणं तीन जास्त द्या. अंग फार हलवू नका. कान, शेपूट आणि रवंथ पुरे.

चोवीस_फ्रेम

करवीरींना या धाग्यावरचा पहिला रवा देण्यात यावा.

मी तांत्रिक बाजू आटोपतो, नंतर विसरते. पार्श्वभूमी १९२० बाय १०८० मध्ये काढू नका. कॅमेरा आत जाऊन चित्राचा अर्धा भाग पडदाभर होणार असेल, तर ३८४० बाय २१६० लागतं. आडवा दोन पडद्यांएवढा सरकणार असेल तर रुंदी ५७६०. चारही बाजूंना दहा टक्के जादा रंगवा. पुढचा खांब, काहिलीचा पुढचा काठ, मधली जमीन, मागचा पत्रा, बाहेरचा ऊस हे थर वेगळे. काहिलीचा पुढचा काठ वेगळा नसेल तर तात्याचा दांडा पाकात बुडताना दाखवता येणार नाही. हे हमखास विसरतं. थरांची नावं सगळ्यांनी सारखी, फाईलच्या नावात मोकळी जागा नको आणि तारखेऐवजी आवृत्तीचा आकडा.

चार मिनिटांत पाच सेकंदांच्या सरासरीनं ४८ शॉट होतील. त्याला ४८ पार्श्वभूमी करायच्या नसतात. नकाशा नीट असेल तर १४-१५ मध्ये भागतं, बाकी त्याच चित्रांचे कापलेले भाग.

आणि पात्रांचे रंग: प्रत्येकी बारा-तेराच्या आत. रात्रीसाठी वेगळे रंग भरू नका. दिवसाचे मूळ रंग ठेवून वर 'मल्टिप्लाय'चा (खालचे रंग गडद करणाऱ्या मोडचा) एक निळसर थर, त्यावर उजळ कडेचा दुसरा. एका शॉटचा रंग बदलला तर सगळं परत भरावं लागत नाही. फिल्म छोट्या हॉलच्या प्रोजेक्टरवर लागणार असेल तर काळोख तिथं करडा पडतो आणि गडद भागातले बारीक फरक मिटतात. गोष्टीला लागणारी कुठलीच गोष्ट १० आणि १५ टक्क्यांच्या फरकावर टांगू नका, म्हणजे गडद पात्रामागची पार्श्वभूमी मी वर सांगितलेल्या १५ पेक्षा उजळ ठेवा.

कोरा_कागद

भरपूर झालं. ठरलं ते असं: दोन पातळ्यांचा नकाशा आधी, ठोकळे ब्लेंडरमध्ये, मग त्या नकाशावर तिन्ही पात्रं काळ्या आकारात, मग रंगपट. रेडकू रद्द, म्हैस पक्की. वेण्या पक्क्या. म्हणजे 'आधी पात्र का जागा' याचं उत्तर 'आधी उजेड' असं दिसतंय.

एक शंका. तानी एकदाच "झालं?" म्हणते आणि तात्या "बघ" म्हणतो. तोंडाचे आकार किती लागतील? आणि तिसरा प्रश्न राहिलाच, थांबायचं कधी?

टाचणी

दोन शब्दांना पाच आकार खूप झाले: ओठ मिटलेले, अर्धवट उघडे, 'आ', दात दिसणारा 'झ' आणि जीभ वर गेलेली 'ल'. 'बघ' म्हणताना 'ब'ला ओठ किमान दोन फ्रेम मिटलेले ठेवा, एका फ्रेममध्ये नजरेला लागत नाहीत.

तिसरी_गल्ली

थांबायचं कधी याला सोपी कसोटी: तिघांपैकी दुसऱ्या कुणीही, तुम्हाला न विचारता, शीट बघून तानी काढावी. ती तानीच दिसली तर शीट झाली. विचारायला फोन आला, तर ज्याच्यासाठी आला तेवढंच शीटवर वाढवा.

चोवीस_फ्रेम

त्याला माझी जोड. एक शॉट, पाच सेकंदांच्या आसपासचा, पार शेवटपर्यंत करा. रंग, वाफ, सावली, आवाजासकट. सोपा शॉट निवडू नका. लागणारे तास लिहून ठेवा आणि ४८ नं गुणा. आकडा तुमच्या हातातल्या वेळेत बसत नसेल तर डिझाईन अजून झालेलं नाही, रेषा आणि रंग कमी करायला परत जा. बसत असेल तर कन्सेप्टची फाईल बंद. त्यानंतर सुचलेली सुधारणा पुढच्या फिल्मला.

कोरा_कागद

मग पाक ओतायचाच शॉट घेतो. वाफ, दोन्ही पात्रं, काहील, वाफा, पहाट, सगळं एकत्र येतं.

गूळपोळी

घ्या, पण पाक पाण्यासारखा सांडू देऊ नका. तो दाट असतो. धार रुंद पट्ट्यासारखी सुटते, खाली पोचली की तिच्या घड्या पडतात आणि घडी जिरायला वेळ लागतो. शिंतोडे जवळजवळ नाहीत. धारेची वरची कड गडद, पातळ होते तिथं आरपार उजेड जाऊन सोनेरी. वाफ्यात पडल्यावर वर फिकट फेसाची साय धरते, ती फावड्यानं ओढली की खालचा गडद रंग दिसतो. काहील कलती होताना दोन-तीन माणसं लागतात, तात्या एकटा ती कलवू शकत नाही. तेव्हा तुमच्या पात्रांच्या यादीत दोन गडी वाढवा. तोंडं नकोत, नुसते आकार चालतील.